झोपेत दिलेली उत्तरं

मी खुर्ची बोलतेय. नाही, तुमच्या मनात लगेच आली ती नव्हे. तिच्यासाठी लोक एकमेकांचे गळे धरतात. माझ्यावर बसायला कुणी सहसा राजी नसतं, कारण माझ्यापर्यंत पोचायचं तर लोखंडी शिडी चढून पार ढगांच्या शेजारी यावं लागतं. बांधकामावर उंच टॉवर क्रेन बघितली असेल ना तुम्ही, एका बाजूला लांबलचक हात पसरलेली? तिच्या मानेपाशी एक काचेची पेटी असते, तिला केबिन म्हणतात. त्या केबिनमधली मी एकुलती एक खुर्ची.

माझा जन्म एका कारखान्यातला. वर काळं रेक्झिन, आत फोम, खाली स्प्रिंग. मला शिवणारी बाई शेवटचा दोरा दातांनी तोडताना म्हणाली, "बसणाऱ्याला आराम मिळू दे गं बाई." भाबडी बिचारी. पुढच्या टेबलावर गेले तर माझ्या दोन्ही हातांवर एकेक दांडा बसवला. डाव्याने क्रेन फिरते, उजव्याने भार वरखाली होतो. म्हणजे बसणाऱ्याला आरामही द्यायचा आणि त्याच्या मुठीत टनावारी लोखंडही द्यायचं. हे कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

माझा पहिला चालक चांगला गलेलठ्ठ होता. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद करून तो माझ्यावरच मान टाकायचा आणि असा घोरायचा की काचा थरथरायच्या. त्याच्यामुळे माझी स्प्रिंग बसली, पण एक गोष्ट मी शिकले. जाग्या माणसाचं आणि झोपलेल्या माणसाचं वजन सारखं नसतं. कडेवरचं मूल झोपलं की आईचा हात भरून येतो, तसंच असतं ते. जागा माणूस स्वतःला थोडंफार सावरून बसतो. झोपलेला सगळा माझ्यावर येतो. मला ते पाठीला तात्काळ कळतं. सांगता मात्र येत नाही कुणाला, हीच तर रड आहे.

त्याच्यानंतर आले दाजी. खाली भाराला साखळी लावणारा आणि वॉकीटॉकीवरून "इकडे घ्या, तिकडे घ्या" सांगणारा माणूस म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दिवसभर "दाजी, दाजी" करायचा, म्हणून सगळ्या साइटचेच ते दाजी झाले. साहेबसुद्धा दाजीच म्हणायचे.

वरून खालचं नीट दिसत नाही हो. भिंतीआड, खांबाआड काय चाललंय ते खालच्याच्या आवाजावरूनच समजायचं. म्हणून या कामात एक शिस्त असते. खालचा जे सांगेल ते वरच्याने आधी तोंडाने परत म्हणायचं, मग हात हलवायचा. "हळू खाली घ्या." "हळू खाली घेतो." "थांबा." "थांबतो." उत्तर आलं की खालच्याला कळतं, वरच्याने ऐकलंय. त्या उत्तराच्या भरवशावर तो लटकत्या लोखंडाच्या पोटाखाली शिरतो.

दोघांची मस्करी दिवसभर चालायची. "दाजी, जरा जपून, तुमच्या बायकोचा एकुलता एक भाऊ आहे मी." "मेहुणे, म्हणूनच तर संधी शोधतोय." असं म्हणून दाजी भार इतका अलगद टेकवायचे की खालची धूळसुद्धा हलायची नाही. माझ्यावर बसलेला इतका शांत हात मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांची लेक आजारी पडली. ताप काही केल्या उतरेना, दवाखान्यात ठेवावी लागली. दाजी दिवसा माझ्यावर आणि रात्री तिच्या खाटेशेजारच्या बाकावर. नळीतलं औषध संपत आलं का, श्वास नीट आहे का, हे बघत बसायचे. ती बरी झाली, घरी आली, शाळेत जायला लागली. सगळ्यांनी हुश्श केलं. पण दाजींची झोप काही परत आली नाही. आजार लेकीचा होता, तो गेला. बापाची जाग तेवढी मागे राहिली.

हे मला कसं कळलं म्हणाल तर त्यांच्या फोनवरून. घरचा फोन आला की बायकोचा पहिला प्रश्न ठरलेला. "अहो, झोप लागली का?" सुरुवातीला दाजी खरं सांगायचे. मग ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस. कुणी म्हणे कोमट दूध घ्या, कुणी म्हणे पायांना तेल चोळा, कुणी म्हणे आकडे उलटे मोजा. दाजींनी सगळं केलं. झोप कशी घ्यावी याचे व्हिडिओ बघत त्यांनी कितीतरी रात्री जागून काढल्या, आता बोला.

आणि स्वतःच्या डोक्याने जे केलं ते तर त्याहून भारी. झोप कमी पडते म्हणून दिवेलागणीलाच अंथरुणात शिरायला लागले. तिथे काय, छताकडे बघत पडायचं, घड्याळाकडे बघायचं, उद्या काय होईल याचा हिशेब करायचा. सुट्टीच्या दिवशी भरपाई म्हणून दुपारपर्यंत लोळायचं. कामावर डोळे मिटतात म्हणून संध्याकाळपर्यंत चहावर चहा. असं करता करता ज्या अंथरुणाने त्यांना झोपवायचं, त्याचीच त्यांना धास्ती बसली. एकदा मेहुण्याला म्हणाले, "इथे खुर्चीवर डुलकी येते रे, आणि तिथे पलंगाला पाठ टेकली की टक्क जागा." दोघंही हसले. मला काही हसू आलं नाही.

पुढे पुढे ते खोटं बोलायला लागले. बायकोने विचारलं की, "झोपलो की मस्त." मेहुण्याने विचारलं की, "ढाराढूर." साहेबांना कळलं तर क्रेनवरून खाली उतरवतील ही भीती होतीच. पण त्याहून जास्त लाज होती. साधं झोपता येत नाही, हे सांगायचं कुणाला?

इकडे माझ्या पाठीला मात्र कळत होतं. भर सकाळी, लख्ख उन्हात, डोळे उघडे ठेवून, ते मधेच जड व्हायचे. चुटकी वाजवायला लागतो तेवढाच वेळ. मग पुन्हा हलके. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या जडपणातही त्यांचं तोंड चालू असायचं. खालून आवाज आला, "डावीकडे घ्या," की वरून उत्तर, "डावीकडे घेतो." इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळायची. आवाज फक्त सपाट व्हायचा, चढ नाही, उतार नाही. ज्या उत्तराच्या भरवशावर मेहुणा लोखंडाखाली शिरत होता, ते उत्तर झोपेत दिलं जात होतं.

एक दिवस सळ्यांचा भारा उतरवत होते. मेहुणा म्हणाला, "थांबा." दाजी म्हणाले, "थांबतो." भारा थांबला नाही. वीतभरच खाली गेला असेल, पण त्या वीतभरात मेहुण्याचा हात होता. त्याने झटका देऊन हात ओढला; हातमोजा भाऱ्याखाली राहिला.

साहेबांनी वॉकीटॉकीवर विचारलं, "काय झालं तिकडे?"

मेहुणा म्हणाला, "काही नाही साहेब. वारा होता."

क्रेनच्या टोकाला वारा कळावा म्हणून एक फडकं लावलेलं असतं. ते निपचित लटकत होतं. दाजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बहिणीच्या संसाराला धक्का नको म्हणून भाऊ खोटं बोलला, आणि भावाने सांभाळून घेतलं म्हणून नवरा गप्प राहिला. माणसं एकमेकांना जीव लावतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला त्या दिवशी कळेनासं झालं. भीती वाटली मला. आता हे पुन्हा होणार आणि पुढच्या वेळी हातमोज्यावर भागणार नाही, हे कळायला डोकं लागत नाही. खुर्चीलाही कळतं.

मेहुणा मात्र विसरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे चहाला गेले असताना तो म्हणाला, "दाजी, तेवढा फळ्यांचा गठ्ठा मोकळ्या जागेत घेऊन टाकू." दाजींनी गठ्ठा उचलला. ऊन काचेतून माझ्यावर येत होतं, केबिन छान उबदार झाली होती. तीच ऊब वैरीण.

"उजवीकडे घ्या."

"उजवीकडे घेतो."

"हळू खाली घ्या."

"हळू खाली घेतो."

माझ्या पाठीवर ते वजन आलं. सगळंच्या सगळं.

खालून मेहुणा म्हणाला, अगदी त्याच आवाजात, "आता माझ्या डोक्यावर सोडा."

आणि वरून उत्तर गेलं. "डोक्यावर सोडतो."

किती शांतपणे बोलले ते. कुणी पाणी मागावं आणि आपण देतो म्हणावं, तसं. माझी जुनी स्प्रिंग जेवढी करकरता येईल तेवढी करकरली, पण तिच्या आवाजाची त्यांना सवय होती. उजवा दांडा पुढे झुकलेलाच होता. गठ्ठा खाली गेला आणि वॉकीटॉकीवर काहीतरी चिरडल्याचा आवाज आला.

"दाजी," मेहुण्याची हाक आली. "खाली बघा."

दाजी दचकले. त्यांनी काचेतून खाली पाहिलं. फळ्यांच्या खालून पिवळ्या हेल्मेटचा एक तुकडा डोकावत होता. त्यांनी दोन्ही दांडे चटका बसल्यासारखे सोडले.

"मी इकडे आहे. भिंतीपाशी. हेल्मेट तेवढं ठेवलं होतं तिथे." मग त्याने विचारलं, "शेवटचं काय बोललात ते आठवतंय?"

"हळू खाली घेतो, म्हणालो."

"त्यानंतर?"

दाजींना त्यानंतरचं काही आठवत नव्हतं.

मेहुणा शिडी चढून वर आला. दम लागला होता, तोंड पांढरं पडलं होतं. ओरडला नाही. म्हणाला, "मी ताईला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, आजच. आणि उद्यापासून तुम्ही वर आलात तर मी खाली उभा राहणार नाही." दाजी माझ्यावर बसून ढसाढसा रडले. त्यांचे अश्रू माझ्या रेक्झिनवर पडले, आणि रेक्झिनचा दोष असा की त्यात काही मुरत नाही.

त्यांनी घरी सांगितलं. साइटवर मात्र सांगितलं की कंबर धरली. खापर फुटलं माझ्यावर. साहेबांनी फिटर पाठवला, त्याने माझ्या पोटात पाना घालून नवी स्प्रिंग बसवली आणि वर म्हणाला, "हिच्यामुळे माणसाची वाट लागली." घ्या. ज्या एकटीला सगळं माहीत होतं तिचीच चौकशी झाली.

दाजी बरेच दिवस आले नाहीत. बदली चालक आला, तो शेंगा खायचा आणि टरफलं माझ्या फटींत कोंबायचा. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

परत आले तेव्हा ते बसल्याबरोबर मला कळलं. हलके होते. जेवणाच्या सुट्टीत मेहुणा डबा घेऊन वर आला आणि म्हणाला, "हं, आता सांगा. ताईने नेलं त्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली की काय?"

"गोळी कसली? त्यांनी मला पलंगावरून हाकललं." दाजी हसले. "म्हणाल्या, लवकर झोपायला जाणं आधी बंद. डोळे मिटायला लागले तरच पलंगावर जायचं. झोप येत नाही असं वाटलं की उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं. घड्याळाकडे बघायचं नाही. पुन्हा पेंग आली की मगच परत."

"मग काय केलंत?"

"बूट पुसले. घरातले सगळे बूट चकचकीत झाले. मग शेजाऱ्यांचे आणले."

"आणि सकाळी?"

"रात्र कशीही जाओ, उठायची वेळ एकच. सुट्टी असली तरी. दुपारी लोळायचं नाही. जेवणानंतर चहा बंद, फोन दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. आणि तुझ्या ताईला ताकीद, सकाळी उठल्या उठल्या मला झोपेचा हिशेब विचारायचा नाही."

"ताईने ऐकलं?"

"विचारत नाही. पण बघते माझ्याकडे, परीक्षेचा निकाल बघावा तशी." मग त्यांचा आवाज उतरला. "सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले रे. आधीपेक्षा वाईट. भिंत धरून चालायचो. क्रेनवर असतो तर कुणाला तरी मारलं असतं. हळूहळू पलंगाची भीती गेली. अजून एखादी रात्र कोरडी जाते, नाही असं नाही. पण मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वेळापत्रक, भरपाईला जायचं नाही."

तेव्हापासून दोघांनी एक ठरवलं. रात्र कोरडी गेली असेल तर दाजी सकाळी मेहुण्याला स्पष्ट सांगायचे, आणि त्या दिवशी क्रेन बदलीवाल्याकडे. साइटला अजूनही कंबरच माहीत होती. लाज अशी चटकन जात नाही.

हे सगळं इथे गोड संपलं असतं, तर मी तुम्हाला एवढं सांगितलंच नसतं.

आमच्या साइटवर दुसरी एक क्रेन आहे. तिच्या चालकाला सगळे गवई म्हणतात, कारण तो काम करताना वॉकीटॉकीवर गुणगुणायचा. दोन्ही क्रेनचे हात एकमेकांच्या हद्दीत येतात, म्हणून दोघांचा चॅनल एकच. या आठवड्यात तिकडचा खालचा माणूस रजेवर गेला आणि मेहुण्याला तिकडे पाठवलं. दाजी इकडे रिकामे बसले होते. गवई त्याच्या क्रेनने काँक्रीटचा तयार जिना उतरवत होता. मेहुणा खाली जिन्याच्या पोकळीत उभा होता, तिन्ही बाजूंना भिंत.

"हळू खाली घ्या."

"हळू खाली घेतो."

दाजी माझ्यावर एकदम ताठ झाले. गुणगुणणं नव्हतं. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. त्यांनी तो आवाज कधी ऐकला नव्हता, कारण स्वतःचा तसला आवाज कुणाला ऐकू येत नाही. पण मेहुण्याने त्यांना त्याची नक्कल करून दाखवली होती.

"थांबा," मेहुणा म्हणाला.

"थांबतो."

जिना थांबला नाही. दाजींना तो काचेतून दिसत होता, पोकळीच्या तोंडात शिरत होता.

"थांबा! थांबा!"

"थांबतो. थांबतो."

दाजींनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "गवई, थांब."

"थांबतो," गवई म्हणाला, आणि जिना खालीच चालला. हुकूम कुणाचाही असो, त्याची जीभ तो झेलून परत टाकत होती. हात कुठेतरी लांब होते.

दाजींनी एक श्वास घेतला. पाठीचा प्रत्येक मणका मला लागत होता. मग साहेब, मजूर, ट्रकवाले, सगळे ऐकत असताना ते बोलले. "माझी कंबर कधीच दुखत नव्हती. मला झोप येत नव्हती."

तिकडून तो सपाट आवाज आला. "मला झोप येत..."

आणि अडखळला. ते उत्तराचं वाक्य नव्हतं. त्याच्या जिभेला ते कधी म्हणायची सवयच नव्हती.

"मला झोप..." गवई म्हणाला, आणि या वेळी आवाज फाटला. "मला झोप येत नाही, दाजी."

जिना थांबला. क्रेनचा हात जागच्या जागी हेलकावला. वॉकीटॉकीवर मेहुण्याचा श्वास ऐकू येत होता; तो भिंतीला अगदी चिकटून उभा होता. त्याच्या छातीत आणि जिन्यात हात घालायलाही जागा नव्हती.

"वर घ्या," तो कुजबुजला.

"वर घेतो." हा आवाज जागा होता. जिना वर गेला.

हे आत्ताच घडलंय. जिना अजून वर हवेत लटकतोय आणि मेहुणा चारी हातापायांवर पोकळीतून बाहेर येतोय. दाजी धावत खाली उतरलेत. घाईत वॉकीटॉकी माझ्यावरच टाकून गेले. तो चालू आहे. आधी काँक्रीटच्या गाडीचा ड्रायव्हर बोलला, "मलाही नाही येत." मग फाटकावरचा कुणीतरी. मग एक बाईचा आवाज, ती लिफ्ट चालवते. आणि आता साहेब बोलतायत, ज्यांच्या सहीने रोज सगळ्यांची कामं ठरतात. तेही तेच म्हणतायत.

मी इथे उंचावर एकटी बसून ऐकतेय. एवढ्या सगळ्यांच्या हातात काही ना काही आहे, आणि आजपर्यंत सगळे एकमेकांना नीट उत्तरं देत होते.

माझं आयुष्य कितीसं उरलंय? रेक्झिन फाटलं की मला भंगारात टाकतील, त्याचं दुःख नाही. तुम्हीही कुठल्यातरी खुर्चीवर बसत असाल. तुमच्या हातात दांडा नसेल, चाक असेल, सुई असेल, नुसतं एक बटण असेल. उद्या सकाळी कुणी विचारलं, झोप झाली का, तर सवयीने हो म्हणू नका. झाली नसेल तर नाही म्हणा. खाली कुणीतरी उभं असतं.